उजव्या बाजूची खुर्ची

संजीवनीनं पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं, आणि दाबून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काहीच पाहिलेलं नाही. डोळे उघडे होते, झोप लागली नव्हती, चित्त कुठं भटकायला गेलं होतं म्हणावं तर तेही नाही. समोर बाकावर छकुली कोकरे पाठीची कमान करून उताणी झोपली होती. पंचाहत्तर किलोचा बार तिनं छातीवर उतरवला, डोक्याकडं बसलेल्या मुख्य पंचानं, ज्ञानेशनं, 'प्रेस' म्हटलं, बार वर गेला, 'रॅक' म्हटलं, बार जागेवर बसला, आणि भिंतीवरच्या फळीवर तीन पांढरे दिवे लागले. त्यातला उजवीकडचा संजीवनीचा. पण बार छातीला टेकला तेव्हा छकुलीचं कोपर खांद्याच्या पातळीपर्यंत उतरलं की वरच राहिलं, हे जे बघण्यासाठी तिला त्या खुर्चीत बसवलं होतं, नेमकं तेच तिला दिसलं नव्हतं. तिच्या आणि त्या कोपराच्या मधे एक केशरी फेटा होता. त्याचा तुरा चांगला वीतभर उंच होता आणि तो ज्यांच्या डोक्यावर होता ते पाहुणे शेजारच्यांशी बोलताना मान हलवत होते, म्हणून तुराही हलत होता. संजीवनीनं तुरा पाहिला होता. तुऱ्याच्या वर बारची दोन टोकं खाली जाऊन वर आलेली पाहिली होती. तेवढ्यावर तिनं दिवा देऊन टाकला होता.

याला तसं कुणीच जबाबदार नव्हतं, आणि आपल्याकडं बहुतेक गोष्टी अशाच, कुणीच जबाबदार नसताना बिघडतात. मुलींची पॉवरलिफ्टिंगची राज्य स्पर्धा यंदा बारामतीला, आणि एप्रिलात लग्नाची तारीख नसलेला रविवार बघून हॉल मिळवलेला, तो मंगल कार्यालयाचा. मधोमध लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर बाक आणि बार, तीन बाजूंना तीन पंचांच्या खुर्च्या. खेळाचे प्रकार तीन: खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं तो स्क्वॉट, बाकावर झोपून बार ढकलायचा तो बेंच, जमिनीवरून उचलायची ती डेडलिफ्ट, आणि प्रत्येकात तीन-तीन प्रयत्न. सकाळी स्क्वॉट झाले तोवर सगळं नियमात होतं. मग अकराच्या सुमाराला पाहुणे आले. पाहुणे आल्यावर त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत कसं बसवायचं? कार्यालयाच्या मागच्या खोलीतून नवरा-नवरीचे लाल मखमली सोफे बाहेर आले. ते चार माणसांनी उचलून नेमके उजव्या बाजूला ठेवले, कारण कूलर उजव्या बाजूला होता. संघटनेचे सचिव मोहनराव हातात फेट्यांचा गठ्ठा घेऊन घाईघाईनं आले आणि अगदी आर्जवानं म्हणाले, "संजीवनीताई, खुर्ची जरा दीड हात मागं घेताय का? पाहुण्यांच्या पायात येतीय." आणि संजीवनीनं ती घेतली. कुणी हिसकावली नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. तिनं स्वतः उठून, दोन्ही हातांनी खुर्ची उचलून मागं ठेवली, वर हसून 'असू द्या, असू द्या' म्हटलं. आता तिला स्वतःच्या त्या हसण्याचाच राग येत होता.

हसण्याला कारण होतं. मोहनरावांच्या काखेतल्या रेक्झिनच्या पिशवीत एक फॉर्म होता. आंतरराष्ट्रीय पंचाच्या परीक्षेला बसायचं तर राज्य संघटनेची शिफारस लागते, आणि त्या शिफारशीची वाट संजीवनी शिंगाडे नऊ वर्षं बघत होती. इंदापूरच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका. सगळा नियमग्रंथ इंग्रजीतला, तो तिनं एसटीत बसून, निमगावच्या पानमळ्यांवरून शेळगावला माहेरी जाता-येता, शब्दकोश मांडीवर घेऊन पाठ केलेला. एका वर्षी दोनच जागा होत्या. एका वर्षी 'परदेशी जायचं म्हणजे बायामाणसांना अवघड' असं कुणीतरी परस्पर ठरवलं. एका वर्षी मोहनराव फॉर्म पिशवीतच विसरले. माणूस वाईट नव्हता. पणदऱ्याचा ऊस आणि गोठा सांभाळून तीस वर्षं त्यांनी हा खेळ जिल्ह्यात जिवंत ठेवला होता. ते नसते तर संजीवनीच्या हातात कधी बार आलाच नसता. या वेळी ते फोनवर म्हणाले होते, "स्पर्धा नीट पार पडू द्या, ताई. संध्याकाळी जाताना सही घेऊनच जा." संजीवनी चव्वेचाळीसची झाली होती. संध्याकाळ आता पाच-सहा तासांवर होती.

निळा ब्लेझर पाठीला चिकटला होता. पंचानं ब्लेझर घालावा हा नियम ज्यांनी केला त्यांनी एप्रिलातली बारामती पाहिली नसणार. कूलरचा वारा सोफ्यांपर्यंत येऊन संपत होता. हातातली बटणाची डबी घामानं निसटत होती, आणि ती डबी मांडीवर पुसता पुसता संजीवनी स्वतःची समजूत घालत होती. नियमच सांगतो की पंचाला शंका असेल तर फायदा खेळाडूचा. शंका होती, फायदा दिला. झालं की! पण हे मनातल्या मनात म्हणत असतानाच तिला पुरतं कळत होतं की शंका यायला आधी बघावं लागतं. जो बघत होता त्याला शंका येते. जिनं पाहिलंच नाही तिला कसली शंका? आणि छकुलीच्या आधी चौघीजणी होऊन गेल्या होत्या. चौघींनाही तिनं पांढराच दिला होता. ते दिवे आता परत घेता येणार नव्हते. कुणाच्या तरी नावापुढं ते कायमचे लागून गेले होते, आणि त्यात एखादी अशी असेल की जी त्या दिव्यावर विश्वास ठेवून घरी जाईल, सगळ्या गल्लीला सांगेल.

तशी एक तिला चांगलीच ठाऊक होती. तेवीस वर्षांपूर्वी राष्ट्रीय स्पर्धेत एकवीस वर्षांच्या एका मुलीनं एकशे तीस किलोचा स्क्वॉट मारला होता आणि कांस्यपदक घेऊन शेळगावला आली होती. वेशीपासून घरापर्यंत हलगी लावली होती लोकांनी. ती मुलगी खाली गेली तेव्हा मांड्यांना आणि कमरेला नेमकं कळलं होतं की अजून दोन बोटं जायला हवं. खुरपायला बसणाऱ्या बाईचा मुलूख हा; उकिडवं बसणं म्हणजे काय आणि अर्धवट टेकणं म्हणजे काय हे शेळगावच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. ती दोन बोटं आधीच वर फिरली होती. उठताना नजर बाजूला गेली, तर बाजूचे पंच बशीत चहा ओतत होते. बशी सांडू नये म्हणून सगळं लक्ष बशीत. चहा ओतून झाला, त्यांनी बटण दाबलं, पांढरा. दुसऱ्या बाजूचा लाल, मुख्य पंचांचा पांढरा. दोनास एक, लिफ्ट मंजूर. तिला जो आनंद झाला तो खोटा नव्हता, हीच तर सगळी पंचाईत. ती उड्या मारत खाली आली होती. पुढं पदकामुळं नोकरीला उपयोग झाला, लग्नात सासरच्यांनी चार माणसांत सांगितलं, आणि संजीवनीला मात्र ते पदक हातात घेतलं की बशीचा आवाज ऐकू यायचा. तिचे वडील बिरदेव, सगळी हयात मेंढरांमागं गेलेली, त्यांनी ते पदक तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं होतं आणि विचारलं होतं, "नीट बगून दिलं का गं त्येंनी?" म्हातारा सहज बोलला होता. त्यांची रीतच ती. कळपातलं एखादं मेंढरू लंगडतंय असं कुणी लांबून सांगितलं तर ते कधी 'काटा असंल' किंवा 'खूर सडलं असंल' असं म्हणायचे नाहीत. उठून जायचे, मेंढरू धरायचे, पाय हातात घेऊन खुराच्या फटीत बोट घालायचे आणि मग बोलायचे. कोसभर चालावं लागलं तरी. "लांबनं सांगनारा मानूस म्या न्हाय," म्हणायचे. संजीवनी त्या दिवशी 'व्हय आबा, नीट बघून दिलं' असं म्हणाली होती. वडिलांशी ती आयुष्यात फार खोटं बोलली नाही. पण हे बोलली.

ती खेळणं सोडून पंच झाली ती काही न्यायाची फार चाड होती म्हणून नाही. त्या बशीवर डूख धरून झाली. आणि आता तिच्या हातात बशीसुद्धा नव्हती.

चौथऱ्यावर पुढची मुलगी आली, तिच्या वेळी पाहुणे खाली वाकून चप्पल शोधत होते म्हणून कोपर स्वच्छ दिसलं, लाल. मग दुसरी आली, तेव्हा पाहुणे ताठ बसले. संजीवनी डावीकडं झुकली तर सोफ्याची पाठ, उजवीकडं झुकली तर वजनं लावणारी पोरं. विवाहात नवरदेवाचं तोंड बघायला मागच्या रांगेतल्या बायका करतात तसा तिचा प्रकार चालला होता, आणि अंगात ब्लेझर, छातीवर बिल्ला. तिला स्वतःचंच हसू आलं आणि लगेच रडूही यायला झालं. ही फेरी संपायला आली होती. दहा मिनिटांत छकुलीचा दुसरा प्रयत्न.

छकुली तिच्याच हाताखाली घडलेली. शेळगावचीच, वडील आधी मेंढरं राखणारे, आता दोन एकर डाळिंब आणि उरलेल्या वेळात पिकअप चालवणारे. मुलगी झाली तेव्हा छकुली म्हणाले, शाळेत घालताना 'मोठी झाल्यावर नाव बदलू' म्हणाले, ते राहिलंच. आता राज्य स्पर्धेच्या यादीतही छकुली कोकरे. सातवीत असताना संजीवनीनं तिला बाकावर झोपवलं, पाठीखाली आधी घडी घातलेली सतरंजी, मग गुंडाळलेली, मग पाण्याची कळशी आडवी, असं करत करत तिच्या पाठीची कमान उचलली होती. छाती जितकी वर तितका बारचा प्रवास कमी. हात जितके रुंद तितका आणखी कमी. पोरीची पाठ वेतासारखी लवणारी, हात आखूड, पकड थेट शेवटच्या खुणेवर. बार चार बोटं खाली यायचा आणि चार बोटं वर जायचा. तेव्हा ते नियमात होतं. नुसतं नियमात नव्हतं, शहाणपणाचं होतं. इतर शाळांच्या पोरी दात खाऊन बार ढकलायच्या आणि छकुली हसत हसत. संजीवनीला त्या कमानीचा गर्व होता. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला ज्याचा गर्व वाटावा तसा, उघड आणि थोडा लाजिरवाणा.

मग २०२३ साली नियम बदलला. दूर कुठंतरी, न पाहिलेल्या शहरात, न पाहिलेल्या माणसांनी बैठक घेतली आणि ठरवलं की चार बोटांची लिफ्ट ही लिफ्ट नव्हे. कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला यायला हवी किंवा त्याच्याही खाली. एक वाक्य. ते वाक्य मोबाइलवर आलं तेव्हा संजीवनी शाळेच्या मैदानावर चुना मारून घेत होती. तिनं ते चारदा वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे शिवी. बायकांवरच डोळा ह्यांचा, पुरुषांच्या असल्या कमानी होतात कुठं. रात्रीपर्यंत राग होता. रविवारी छकुली आली; तोवर ती पणदऱ्याच्या तालमीत सराव करायला लागली होती, तरी सुट्टीत बाईंकडं यायचीच. गवंडी पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. एक टोक छकुलीच्या खांद्याला, एक कोपराला, मधे पाणी. पाणी काही कुणाचं ऐकत नाही. कोपर दोन बोटं वर राहत होतं. "बाई, आसंच ऱ्हाऊ द्या की," छकुली झोपल्या झोपल्या म्हणाली होती, "हितं कोन नळी घिऊन येतंय?" पणदऱ्याच्या तिच्या सरांचंही तेच म्हणणं. पकड आत घेतली तर कोपर खाली जातं, पण दहा किलो कमी होतात, कशाला घ्यायची? बघतंय कोण? संजीवनीनं खूप सांगितलं, समजावलं, एकदा रागावलीही. मग छकुली रविवारी यायची बंद झाली.

बघतंय कोण, हे खरंच होतं. गेल्या साली बाजूच्या जिल्ह्यातली एक मुलगी परदेशातल्या स्पर्धेला गेली. जाताना बँड, येताना काही नाही. बेंचचे तिन्ही प्रयत्न तिन्ही वेळा लाल. कारण एकच, कोपर. तीन प्रयत्न वाया गेले की स्पर्धेतून बाहेर, बाकीचं कितीही उचला. इथं सगळे म्हणाले, परदेशी पंचांना आपल्या पोरींचं चांगलं बघवत नाही. मोहनरावांनी निषेधाचा ठराव केला. त्या ठरावाला संजीवनीनंही हात वर केला होता. आणि ठरावाच्या पेढ्याचा तुकडा तोंडात असताना तिला आठवलं होतं की त्या मुलीच्या राज्य स्पर्धेला तीनही पंच आपलेच होते, आणि तिथं बेंचला तिला नऊच्या नऊ पांढरे दिवे मिळाले होते. तिला कुणी फसवलं असेल तर ते त्या परक्या लोकांनी नाही. पोरीला विमानतळावर उतरेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं की तुझं कोपर खाली जात नाही. तो पेढा गिळताना फार जड गेला होता.

"मॅडम, चहा," डाव्या बाजूचे पंच रामभाऊ स्वतः कप घेऊन आले. फेरी संपली होती, पाच मिनिटांची विश्रांती. रामभाऊ म्हणजे कऱ्हाटीचा सज्जन गृहस्थ, आयुष्यात कुणाला लाल दिवा देताना दहादा विचार करणारा. संजीवनीनं कप घेतला नाही.

"रामभाऊ, तुमच्या बाजूनं छकुलीचं कोपर दिसतंय का हो?"

"दिसतंय की."

"खाली जातंय?"

रामभाऊंनी इकडं तिकडं पाहिलं. "थोडं वर राहतं. पण आता, पोरगी पहिल्या नंबरात यायलीय. बारामतीच्या स्पर्धेत इंदापूरच्या पोरीला लाल दिलं तर उद्या तुमचीच माणसं विचारतील. सोडून द्या. पुढं राष्ट्रीयला बघतील काय बघायचं ते."

पुढं बघतील. प्रत्येक जण हेच म्हणत म्हणत पोरीला पुढं ढकलतो, आणि शेवटी ती अशा ठिकाणी जाऊन पडते जिथं पुढं कुणी नसतं. संजीवनीला भीती वाटत होती, उगाच दुसरं नाव कशाला द्या. सहीची भीती, मोहनरावांची भीती, छकुलीच्या तोंडाची तर सगळ्यात जास्त. ती उठली आणि ज्ञानेशकडं गेली. ज्ञानेश तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण आंतरराष्ट्रीय परीक्षा पास झालेला. खिशावरच्या बिल्ल्याला अधूनमधून हात लावून बघायची त्याला सवय होती.

"ज्ञानेश सर, मला दिसत नाही. सोफे हलवायला सांगा."

"मॅडम, आता पाहुणे बसलेत. ही फेरी होऊ द्या. जेवायला उठले की हलवू."

"जेवायला उठेपर्यंत बेंच संपतोय."

"मग शंकेचा फायदा द्या ना. नियमात आहे."

नियमात आहे म्हणाला! ती परत आपल्या खुर्चीकडं आली, आणि खुर्चीत न बसता तिच्याकडं बघत उभी राहिली. साधी निळी प्लास्टिकची खुर्ची, पाठीवर कार्यालयाचं नाव रंगवलेलं. सकाळी ती किती झटकन उचलली होती. मग तिनं ती पुन्हा उचलली, दोन सोफ्यांच्या मधून, पाहुण्यांच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही अशी आडवी धरून पुढं नेली, आणि चौथऱ्याच्या बरोबर काठाला, सोफ्यांच्या पुढ्यात ठेवली. आणि बसली. म्हणजे सगळ्या फेट्यांकडं पाठ करून बसली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही की काय झालंय. मग मागून मधल्या पाहुण्यांचा आवाज आला, कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष होते ते, आवाजात राग नव्हता, नवल होतं. "ओ बाई, आमाला आता काय दिसंना की."

संजीवनीनं मान वळवली. शाळेत, बैठकीत, फोनवर ती जी बेतानं, शुद्ध बोलायची ती भाषा त्या वेळी जिभेवर आलीच नाही. "तुमाला न्हाय दिसलं तरी चालतंय, तात्या," ती म्हणाली. "मला दिसाय पायजे. बटन माझ्या हातात हाय."

हॉलमध्ये कुठंतरी मागं एक बाई फस्सकन हसली. मोहनराव लगबगीनं आले, वाकले, कानाशी पुटपुटले, "ताई, हे बरं दिसत नाही. पाहुण्यांचा अपमान आहे हा. उठा."

"मोहनराव, तुमी मला हितं बघायला बसवलंय का शोभेला?"

"अहो, पण पद्धत असती काही."

"पद्धत पुस्तकात लिहिलीय. मी नऊ वर्षं वाचतीय. काढून दाखवू का पान?"

ते सरळ उभे राहिले. काखेतली पिशवी त्यांनी उगाच दुसऱ्या काखेत घेतली, आणि ते दोघांनाही दिसलं. मागं मात्र तात्या खदखदून हसले, "अरे सोफा सरकवा की बाजूला, बाई न्हाय उठायच्या," असं म्हणत स्वतःच उठले, आणि चार माणसं धावली. कूलरचा वारा पहिल्यांदाच संजीवनीच्या पाठीला लागला. तिनं डबी दोन्ही हातांत धरली.

छकुली आली. ऐंशी किलो. चौथऱ्यावर चढताना तिनं बाईंना एवढ्या जवळ बघितलं आणि तिची नजर हलली, मग ती बाकावर झोपली, पाय मागं घेतले, खांदे आवळले, आणि ती कमान उभी राहिली. संजीवनीनं घडवलेली. कळशीच्या पोटावरून उचललेली. इतकी सुरेख होती ती, की एक क्षण तिला नुसतं बघत राहावंसं वाटलं. बार खाली आला, छातीला टेकला, थांबला. कोपर थांबलं ते खांद्याच्या वर. एक बोट नाही, दोन बोटं. पाण्याच्या नळीची गरज नव्हती. आता शंका नव्हती, फायदा नव्हता, फेटा नव्हता, मधे काहीच नव्हतं. 'प्रेस', 'रॅक'. संजीवनीनं लाल दाबलं.

फळीवर पांढरा, पांढरा, लाल. लिफ्ट मंजूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबल्यावर सगळ्यांनी तो एक लाल दिवा कुणाचा ते बघितलं. नियमाप्रमाणं संजीवनीनं कारणाचं लाल कार्ड वर धरलं. हात वर असताना तिला विलक्षण एकटं वाटलं, आणि त्या एकटेपणाच्या बुडाशी एक गोष्ट अशी होती जी तेवीस वर्षांत तिला जाणवली नव्हती: स्वतःची लाज वाटत नव्हती. मोहनराव मागून जाता जाता, तिच्याकडं न बघता, अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "फॉर्मचं मग पुढच्या वर्षी बघू, ताई." तिला ते लागलं. खोटं कशाला, डोळ्यात पाणी आलं. नऊ वर्षांची एसटी, मांडीवरचा शब्दकोश, सगळं एका वाक्यात बाजूला सरकलं, सोफा सरकवावा तितक्या सहज. पण पाणी येऊनही समोरचं स्पष्ट दिसत होतं, आणि ती म्हणाली, "बघा. फॉर्म तुमच्याकडं हाय. नजर माझ्याकडं हाय." हे ती मोठ्यानं म्हणाली. ज्ञानेशनं ऐकलं, रामभाऊंनी ऐकलं, तात्यांनीही ऐकलं असणार.

तिसऱ्या प्रयत्नाला छकुलीनं पंच्याऐंशी मागितले. सगळ्यांना हिशेब ठाऊक होता: हे उचललं की ती स्पर्धेत पुढं, आणि जुन्या पकडीनं पंच्याऐंशी तिला काही जड नव्हतं. दोन पांढरे दिवे तर तयारच होते. रामभाऊ डबीवर अंगठा ठेवून बसलेही होते. पणदऱ्याचे तिचे सर बाजूनं ओरडत होते, "मगाचंच कर, मगाचंच!" छकुली बाकावर झोपली. हात बारकडं गेले, शेवटच्या खुणेवर पोचले, आणि तिथं थांबले. मग तिनं बोटं उचलली आणि पकड आत घेतली. दोन बोटं आत, आणखी दोन बोटं आत. सरांचा आवाज एकदम बंद झाला. 'स्टार्ट'. बार खाली यायला लागला, आणि येतच राहिला. चार बोटं झाली, सहा झाली, तो टेकायचं नाव घेईना. कोपर खांद्याला आलं, खांद्याच्या खाली गेलं, चांगलं खाली. मग बार छातीवर थांबला. 'प्रेस'.

तो वर निघाला. निम्म्यात आला आणि तिथं अडला. छकुलीचं तोंड लालबुंद झालं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, टाच फळीवर कुरकुरली. पंचानं ओरडायचं नसतं, पंचानं हात आवळायचे नसतात, पंचानं काही म्हणजे काही व्हायचं नसतं. संजीवनी दगडासारखी बसली होती आणि आत तिची सगळी हाडं तो बार ढकलत होती. बार तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला, आणि पोरांनी दोन्ही बाजूंनी धरला. लाल, लाल, लाल. त्यातला एक तिचा. तो देताना बोट अडखळलं नाही.

छकुली उठून बसली. धापा टाकत होती, केसांची बट गालाला चिकटली होती. सर कपाळाला हात लावून उभे होते, मोहनराव दुसरीकडं बघत होते. ती चौथऱ्यावरून उतरताना मुद्दाम उजव्या बाजूनं उतरली आणि संजीवनीच्या खुर्चीपाशी थांबली. खेळाडूनं पंचाशी बोलायचं नसतं. तरी ती वाकली.

"बाई, कोपर गेलं व्हतं का खाली?"

"गेलं व्हतं."

"नक्की?"

"खांद्याच्या खाली गेलं व्हतं. मी बघितलंय."

छकुलीनं मनगटाला गुंडाळलेली पट्टी दातांनी ओढून सोडली. "मग डेडलिफ्टला बघते एकेकीला," ती म्हणाली आणि पाय आपटत आत निघून गेली. ज्ञानेशनं पुढच्या मुलीचं नाव पुकारायला सांगितलं, आणि संजीवनीनं खुर्ची आणखी चार बोटं पुढं ओढली.